एकट्या नावाची फर्माईश

गाठ वाईट आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सातवीच्या मुलींचे सहामाहीचे पेपर अजून तपासायचे राहिलेत. मग त्या म्हणाल्या, कापावं लागेल, पूर्ण. मी बरं म्हटलं. शिंप्यानं बाही थोडी आखूड ठेवू का विचारलं की म्हणावं, तसं. त्यांनी माझ्याकडे जरा टक लावून पाहिलं आणि पुन्हा एकदा, सावकाश, सगळं समजावून सांगितलं. मी पुन्हा बरं म्हटलं.

पुढे लोक मला धीराची म्हणू लागले. धीर वगैरे काही नव्हता. आतलं काहीतरी बंद पडलं होतं आणि ते बरेच दिवस बंदच राहिलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी माझ्या शौर्याचे गोडवे गायला नकोत.

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. तिशीच्या अलीकडे, बिनलग्नाची, एका खोलीत एकटी राहणारी. माहेर अकोल्याला, जठारपेठेत. तिथं आई आणि वकिली करणारा मोठा भाऊ. आजाराचं कळल्यावर आई माझ्याकडे येऊन राहिली. दादा एकदा येऊन गेला. खुर्चीवर बसून त्यानं हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि जाताना म्हणाला, “पैशाची काळजी करू नको.” रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही, आईनंही घेतलं नाही. शाळेत ‘पोटाचं काहीतरी आहे’ असं सांगितलं होतं. बाईमाणसाच्या त्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कसं, आणि कुणाला!

पण मी ते सांगितलं. ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकालाही मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या काळी आमच्या वऱ्हाडात रेडिओवरच्या फर्माइशींचं वेड होतं. सिनेमाची गाणी लागायची आणि प्रत्येक गाण्याआधी ज्यांनी ते मागितलं त्यांची नावं गावासकट वाचली जायची. अकोल्याची नावं तर इतकी, की निवेदकाला दम लागायचा. मी जठारपेठेत असतानाच मला ही लागण झाली. मात्र वकिलाच्या बहिणीचं नाव रेडिओवर, तेही सिनेमाच्या गाण्याखाली, म्हणजे घरात आगच लागली असती. म्हणून मी एक पुरुषी नाव घेतलं. कुणाचंही नसलेलं, साधंसंच. अमरावतीला आल्यावर ‘अमरावतीहून’ म्हणून तेच पुढे चालू ठेवलं. एकदा सवय लागली की मग माणूस स्वतःच्याही खोट्या नावाला ओ देतो.

हळूहळू आमचं मंडळ जमलं. जमलं म्हणजे काय, एकत्र कधीच नाही. धामणगाव रेल्वे या गावचे एक मुनीमजी, कापसाच्या अडत दुकानात काम करणारे. अकोल्याचे एक घड्याळ दुरुस्त करणारे. कौंडण्यपूरजवळच्या खेड्यातले एक शेतकरी, ज्यांचा रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी उतरू नये म्हणून ते फक्त फर्माइशीपुरताच लावत. आणखीही पुष्कळ होते, पण पत्रं यायची ती मुख्यतः या तिघांची. रीत अशी, की कुणीही कार्ड टाकलं तरी त्यावर सगळ्यांची नावं घालायची. एकाच गाण्याखाली धामणगाव, अकोला, अमरावती आणि ते खेडं ओळीनं वाचलं गेलं की आपल्याला एका पंगतीत बसवल्यासारखं वाटे. एकटं नाव आम्ही कधी पाठवत नसू, एक प्रसंग सोडून. मंडळातला कुणी वारला, की एक कार्ड फक्त त्याच्या नावाचं जाई. त्याच्या आवडीचं गाणं, त्याचं एकट्याचं नाव, आणि त्यानंतर ते नाव बंद. निवेदकाला यातलं काही माहीत नसे. तो नेहमीच्याच खुशीत वाचून मोकळा होई. आम्ही मात्र आपापल्या गावात उठून उभे राहत असू. माझ्या वेळी असं दोनदा झालं होतं.

मुनीमजींना मी लिहिलं, की मला कॅन्सर झाला आहे आणि ऑपरेशन इथंच अमरावतीला होणार आहे. कुठं झालाय ते लिहिलं नाही. कुठल्या दवाखान्यात तेही नाही. लिहिताना मला काही वाटलं नाही. पण एक खरं, की ते पत्र पेटीत टाकल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

पत्रं माझ्या शाळेजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात यायची. ‘भावाची आहेत, तो फिरतीवर असतो’ असं मी दुकानदाराला सांगून ठेवलं होतं. आठवड्याभरात त्यानं माझ्या हातात गठ्ठाच ठेवला. घड्याळवाल्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्या मामांना जबड्याचा झाला होता, ते विजेचा शेक घेऊन बरे झाले आणि आता भाकरी चुरून खातात. डॉक्टरांना काय काय विचारायचं तेही त्यांनी कळवलं होतं. मी खरोखरच ते डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या चकित झाल्या. शेतकऱ्यांनी पाकिटात देवळातला अंगारा पाठवला होता, तो सगळ्या कागदावर सांडला होता. मुनीमजींनी लिहिलं होतं, ‘तुम्ही बरे होऊन घरी येईपर्यंत प्रत्येक कार्डावर तुमचं नाव पहिलं राहील. तुम्ही फक्त ऐकत राहा.’

बायकांच्या दवाखान्यात मला दाखल केलं, ऑपरेशन झालं. त्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात उशीवर बांधून ठेवला होता आणि छातीवर पट्ट्यांचं गाठोडं. पुढे पट्ट्या सैल झाल्या तेव्हा दंडाच्या आतल्या बाजूला बोट लावून पाहिलं, तर तिथं काहीच कळेना. कातडी माझी, पण बोट लागलं ते दुसऱ्याच कुणाला. मला ते विचित्रसुद्धा वाटलं नाही. सगळी मीच तशी झाले होते. रोज ड्रेसिंगला नर्स यायची तेव्हा मी वरच्या पंख्याकडे बघायची. आई तोंड फिरवून खिडकीशी उभी राहायची. जखमेत पू झाला, म्हणून मुक्काम लांबला.

फाटकासमोर एक पानाची टपरी होती आणि तिच्या मालकाची खात्री होती, की तमाम रोग्यांना त्याचा रेडिओ ऐकायचा आहे. संध्याकाळी फर्माइशीची वेळ झाली की आवाज सरळ आमच्या वॉर्डात येई. शेजारच्या खाटांवरच्या बाळंतिणी वैतागायच्या. पहिल्यांदा माझं नाव आलं तेव्हा मी डोळे मिटून पडले होते. अमरावतीहून मी, धामणगाव रेल्वेहून ते, अकोल्याहून ते, आणि पुढची सगळी रांग. आई म्हणाली, “काय कटकट आहे, बंद करायला सांगू का?” मी म्हटलं, “राहू दे.” त्या दिवसभरात मी बोललेलं तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी मग लाईटचं काढलं. लाईट म्हणजे तोच विजेचा शेक, किरणांचा. तो नागपूरला मिळे आणि त्यासाठी तिथं दीड-दोन महिने राहावं लागे. मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तर मला सांगता येईना. भीती असती तर त्यांनी घालवली असती. मला भीती नव्हती. कुणीतरी दुसऱ्या बाईविषयी चाललंय आणि मला उगाच मध्ये बसवलंय, असं वाटत होतं. “जखम भरली की घरी जाईन,” एवढंच मी म्हणत राहिले. त्या भडकल्या. “शेक घेतला नाही तर हे परत येईल,” त्या म्हणाल्या, “आणि परत आलं, की मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. स्पष्ट सांगते.” दादानं अकोल्याहून कळवलं, की तिच्या मनावर आहे. आईनं सोमवार धरले. माझ्या मनावर काही नव्हतंच.

अशातच एका संध्याकाळी टपरीवरचा रेडिओ नेहमीसारखा वाजत होता. निवेदक हसऱ्या आवाजात म्हणाला, की हे गाणं ऐकू इच्छितात अमरावतीहून, आणि माझं नाव घेतलं. मी पुढच्या नावांची वाट पाहिली. पुढे एकदम गाणंच सुरू झालं. माझ्या सगळ्यात आवडीचं. मी मंडळाला कितीदा तरी लिहिलं होतं त्याविषयी.

गाणं संपेपर्यंत मला कळलं होतं. मी मेले होते.

कसं कुणास ठाऊक, पण त्यांच्या लेखी मी गेले होते, आणि आत्ता या क्षणी धामणगावला, अकोल्याला, त्या खेड्यात माणसं रेडिओसमोर उभी होती. मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, दचकायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी आईकडून एक कार्ड तरी टाकायला हवं होतं. त्यातलं मी काही केलं नाही. कठीण काम कुणीतरी परस्पर उरकून टाकलं, आता फक्त घरी जायचं आणि पडून राहायचं, असं वाटून मी निवांत झोपले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भेटीच्या वेळेला एक गृहस्थ वॉर्डाच्या दारात उभे राहिले. धोतर, काळी टोपी, हातात केळी. नर्सला विचारत विचारत ते माझ्या खाटेपाशी आले आणि स्टुलावर अवघडून बसले. आई भांडी विसळायला नळावर गेली होती.

“तुमी त्यायच्या बहीण ना जी?” त्यांनी माझ्या त्या नावाचा उल्लेख केला. “मी धामणगाव रेल्वेचा.”

ते मुनीमजी होते. पत्रांवरून मला ते उंच वाटले होते.

“दुकानदारानं सांगतलं, बहीण बी दवाखान्यात हाये म्हून. बाप्पा, एकाच घरात दोन-दोन दुखनी!” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आमी आलो होतो ना जी. मी आन् अकोल्याचे घड्याळवाले, दोघं. मोठ्या दवाखान्यात पुरुषायच्या वार्डात खाटन् खाट पाह्यली. नाव सांगतलं त कोनाले मालूम नाई. मंग एक जन म्हने, क्यानसरवाला ना? तो त पहाटीच गेला, गावचे लोक घेऊन गेले त्याले. आमाले उशीर झाला.”

त्यांचा आवाज फुटला. ऐन कापसाच्या हंगामात दुकान सोडून हा माणूस दोनदा अमरावतीला आला होता.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सांगायला हवं होतं, पण तोंड उघडायचा कंटाळा आला. इतक्या दुरून आलेल्या माणसाचं रडणं फुकट घालवायचं, मग त्याला सगळं समजावत बसायचं. त्यापेक्षा हा पाच मिनिटांनी उठून जाईल आणि सगळं मिटेल. खरंच असं वाटलं मला.

“लय साधा मानूस होता तुमचा भाऊ,” मुनीमजी म्हणाले. “स्वतःचं कधी पुढं केलं नाई. दुसऱ्याचं नाव आधी लिहे, मंग आपलं.”

हे साफ खोटं होतं. माझ्या प्रत्येक कार्डावर माझं नाव मी पहिलं लिहायची. मेल्यावर माणसाचं काय काय होतं!

तेवढ्यात आई हातात तांब्या-ताटली घेऊन आली. अनोळखी पुरुष डोळे पुसताना पाहून जागीच थांबली.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

मुनीमजी उठून उभे राहिले, हात जोडले. “माय, तुमचा पोरगा.”

आईला एकच पोरगा होता, अकोल्याला. तिच्या हातातून तांब्या पडला, पाणी खाटेखाली गेलं. पण तिनं हंबरडा फोडला नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं आणि चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं, पाटी पुसावी तसं. ती माझी आई आहे हे ओळखू येईना. आणि तिथं पडल्या पडल्या मला स्वच्छ दिसलं, की मी गेले म्हणजे हिचा चेहरा असा होणार आहे. शेक नको म्हणत मी जे मागत होते ते हे.

“आई, दादा बरा आहे!” मी ओरडले. किती दिवसांनी माझा आवाज एवढा मोठा निघाला होता. “दादाला काही झालं नाही. ते माझ्याविषयी बोलतायत. मेलेली मी आहे.”

वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. पुढचं सगळं मी कसंबसं सांगितलं. रेडिओ, नाव, कार्डं, दुकान. आई मटकन खाली बसली. मुनीमजी माझ्याकडे पाहत होते, मग माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग छातीकडे, आणि चटकन नजर वळवून भिंतीकडे. कुठं झालं होतं ते आत्ता त्यांना कळलं असावं. टोपी डोक्यावर ठेवून ते निघून गेले. केळी स्टुलावर राहिली. आई उठून त्यांच्या मागोमाग बाहेर गेली आणि जरा वेळानं परत आली.

“इतके दिवस पुरुष म्हणून?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती पदरानं जमीन पुसत होती. “आणि तरी हे एवढे रडले तुझ्यासाठी?” तिला त्याचंच जास्त नवल वाटलेलं दिसलं. आता मंडळ संपलं, हे मला कळत होतं. फसवलं गेलेलं माणूस पुन्हा कशाला येईल? आणि हे मला लागलं. फार नाही, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भेटीची वेळ नसताना, एक बाई सरळ आत आली. चाळिशीच्या पुढची, काटक, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. नर्सनं अडवलं तर तिला म्हणाली, “भेटून जातो वो बाई, इथं ऱ्हायाले नाई आलो,” आणि माझ्या खाटेवरच येऊन बसली.

“मी धामणगावची. मुनीमजीची घरवाली,” ती म्हणाली. “ते बाहीर उभे हायेत, आत याची लाज वाटून राहिली त्याईले. रातभर झोपले नाईत. म्हने, बाईमानूस, आन् आमी तिले बिडी सोडा म्हून लिहून राहिलो होतो.”

आईला हसू आलं. ते तिनं दाबलं.

“दाखव,” बाई मला म्हणाली.

“काय?”

“काय म्हंजे? कापलं तथीसा.”

मी आईकडे पाहिलं. आईनं मुकाट्यानं लुगड्याचा पदर पसरून आडोसा धरला. बाईनं स्वतःच पट्टी सोडवली, सावकाश, कुठं ओढू न देता. भाजी निवडताना पाहावं तसं नीट पाहिलं. चेहरा वाकडा केला नाही की हाय-हाय केलं नाही.

“शिवन जराशीक वाकडी हाये,” ती म्हणाली. “पन भरून येऊन राहिली. तू पाह्यलं का?”

“नाही.”

“काहून? तुयंच त हाये.”

मी खाली पाहिलं. काखेपासून बरगड्यांच्या मधोमधपर्यंत एक लाल, सुजलेली, वेडीवाकडी रेघ होती. बाकी सपाट. मला वाटलं होतं, की तिथं काहीतरी भयंकर असेल. नुसती जखम होती. आईनंही मान वळवून पाहिलं, पहिल्यांदाच.

बाईनं पट्टी होती तशी बांधली. मग म्हणाली, “नागपूरले जात नाई म्हनतं म्हने तू? तुया मायनं सांगतलं काल बाहीर याईले. तथी बी रेडिओवाले हायेत आमचे. त्यायच्या घरी दोन खोल्या हायेत. तू, तुयी माय, लागलं त मी बी येतो चार दिवस.”

मी वरच्या पंख्याकडे पाहिलं. जुनी सवय.

तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “हे पाह्य पोरी. तू मेली म्हून हे सांगत आले, त्या दिसी तिनीसांजेले मी डोक्शावरून पानी घेतलं. थंड पानी. तापवाले टाइम नोता. ना तू नात्याची, ना गोत्याची, तोंड नाई पाह्यलं कधी. तरी बी घेतलं, काहून की हे रडत होते. मंग आठ दिस मी खोकलत बसलो.” तिनं हनुवटी सोडली. “आता एकडाव तुया नावानं आंग धुवून झालं मायं. दुसऱ्या डाव नाई धुवत. समजलं?”

मला हसू फुटलं. हसताना जखम ओढली गेली, सणकून दुखलं, आणि त्या दुखण्याबरोबर रडू आलं ते आवरेचना. ऑपरेशनच्या आधीचं, नंतरचं, पेपर तपासायचे राहिले तेव्हापासूनचं सगळं. बाई माझी पाठ थोपटत नव्हती, नुसती बसून होती. आई रडत होती. आजूबाजूच्या बाळंतिणीही कारण नसताना डोळे पुसत होत्या.

“समजलं,” मी म्हटलं, आणि नागपूरची गाडी बडनेऱ्याहून किती वाजता सुटते ते विचारलं.